भातकापणीच्या घरी चार दिवस: सहकुटुंब मुक्कामाची तयारी आणि क्रम

दिवाळी जवळ आली की ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, "तुम्ही अकोल्याकडे शेतावर जाऊन राहता ना? राहायचे पैसे घेत नाहीत म्हणे. आम्हालाही मुलांना घेऊन जायचंय." आधी मी लगेच नंबर द्यायचे. जाणारे हौसेने जायचे आणि बरेचसे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वैतागून परत यायचे. कुणाला पाणी पुरलं नाही, कुणाच्या मुलाचं बोट कापलं, कुणाला "तिथे करायला काहीच नव्हतं". एकदा त्या घरच्या मामी मला फोनवर म्हणाल्या, "पाहुणे चांगले होते गं, पण आमचं काम राहिलं." ते ऐकून मला फार लागलं. तेव्हापासून नंबर देण्याआधी मी जे सगळं सांगते, तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, राजूर-भंडारदऱ्याच्या डोंगराळ भागात भातखाचरं असलेलं घर माझ्या डोळ्यांसमोर आहे. मुळशी, भोर, इगतपुरी, जव्हार इकडेही थोड्याफार फरकाने हेच लागू पडेल. कृषी पर्यटन केंद्रात पैसे मोजून राहणार असाल, तर यातलं निम्मंअधिक तुम्हाला लागणार नाही. हे लिहिलंय ते ओळखीवर, मायेने ठेवून घेणाऱ्या घरांसाठी. अशा घरात जागा भरपूर असते. कमी असतात त्या तीन गोष्टी: पाणी, अंथरूण आणि घरच्या बाईचा वेळ. पुढची सगळी तयारी या तिन्हींवर आपला भार पडू नये म्हणून आहे.

१. आधी शेताची तारीख, मग तुमची रजा

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. लोक लक्ष्मीपूजनाची तारीख बघून रजा टाकतात. दिवाळी पंचांगाप्रमाणे पुढेमागे होते: २०२५ साली लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे. भात मात्र वाणावर आणि पावसावर पिकतो. हळवं भात दसऱ्याच्या आगेमागेच कापायला येतं, निमगरवं त्यानंतर आणि गरवं थेट नोव्हेंबरात. त्यामुळे एकाच गावात एका घराचं खळं उरकलेलं असतं आणि शेजारच्याचं भात अजून उभं असतं.

गणपती उठले की पहिला फोन करा. विचारा, "मामा, औंदा भात कोणतं लावलंय? कापायला कधी येईल?" त्यांनी अंदाजे आठवडा सांगितला की तो मनात धरा, पण तिकीट काढू नका. त्या आठवड्याच्या आठ दिवस आधी पुन्हा फोन करा. मधल्या काळात परतीचा पाऊस झाला, तर सगळं चार-सहा दिवस पुढे जातं.

कापणीतही दिवसादिवसात फरक असतो. सावडीचा दिवस कोणता, ते नक्की विचारा. सावड म्हणजे आज सगळे मिळून तुमच्या शेतात, उद्या माझ्या. त्या दिवशी दहा-पंधरा माणसं जेवायला असतात आणि घरच्या बाईला मान वर करायला सवड नसते. त्या दिवशी पोचू नका. एक दिवस आधी पोचा, म्हणजे सावडीच्या दिवशी तुम्ही पाहुणे न राहता हाताखालची माणसं होता.

आणखी एक दिवस लक्षात ठेवा. आपल्याकडे वसुबारस असते, त्या दिवशी या पट्ट्यातल्या आदिवासी गावांत वाघबारस असते. तो गुराख्यांचा आणि वाघोबाच्या पूजेचा दिवस. तुम्ही गावात असाल तर बोलावलं की जरूर जा, पण बॅगा घेऊन नेमक्या त्या दिवशी दारात उभे राहू नका.

> तपासा: "या कधीही" हे तारखेचं उत्तर नव्हे. ते आदराने म्हटलेलं असतं. "मंगळवारी आलो तर कोणतं काम चालू असेल?" असं विचारलंत की खरं उत्तर मिळतं.

२. फोनवर हे विचाराच

संकोच न करता, पण एकाच फोनवर. पुन्हा पुन्हा करू नका. डोंगरातल्या घरांत रेंजसाठी टेकाडावर जावं लागतं, तुमचा मिस्ड कॉल बघून माणूस काम टाकून वर चढतं.

पाणी कुठून आणता आणि किती लांबून? संडास आहे का, आणि त्यात पाणी नेऊन टाकावं लागतं का? गाडी दारापर्यंत येते का? विहिरीला कठडा आहे का? घरात कोणी आजारी, बाळंतीण किंवा परीक्षेचं पोर आहे का? गावात मोकळी कुत्री किती? शेवटी, घरात कोणाला काय खायचं पथ्य आहे का. हा प्रश्न तुमच्या मुलांच्या नाही, त्यांच्या बाजूने आहे. वडीलधाऱ्यांना साखर असेल, तर तुम्ही मिठाईचे पुडे नेऊन उपयोग नाही.

किती माणसं येणार ते नक्की सांगा आणि त्यात ऐनवेळी भर घालू नका. "भाऊ पण येतोय बरं का" हे आदल्या रात्री सांगणं म्हणजे आणखी दोन अंथरुणं शेजारून मागून आणायला लावणं.

३. शिधा: काय आणि किती

भात पिकवणाऱ्या घरी तांदूळ काय न्यायचा, असं मलाही वाटायचं. पण कापणीच्या तोंडावर कणगी तळाला गेलेली असते. जुना तांदूळ संपत आलेला, नवा अजून खाचरात. आणि नवा आला तरी लगेच शिजवायला बरा नसतो, भात चिकट होतो. म्हणून तांदूळसुद्धा न्या.

दोन मोठी माणसं, दोन मुलं आणि चार दिवस यासाठी माझा हिशेब असा: तांदूळ आणि पीठ मिळून साडेसहा किलो, तूरडाळ एक किलो, तेल एक लिटर, साखर दोन किलो, चहा पाव किलो, कांदे-बटाटे तीन किलो, शेंगदाणे अर्धा किलो. चहा-साखर मुद्दाम जास्त धरली आहे, कारण शेतावर दिवसातून तीन-चारदा चहा होतो आणि सावडीच्या दिवशी तो सगळ्यांना लागतो.

पोचल्यावर शिधा थेट मामींच्या हातात, चुलीपाशी नेऊन द्या. ओसरीवर सगळ्यांसमोर पिशव्या मोकळ्या करून दाखवू नका. "आमच्या वाटणीचं आणलंय, यातूनच करा" एवढं पुरे.

> सावध: "गावरान कोंबडी मिळेल का?" असं सहज म्हणूनसुद्धा विचारू नका. तुम्ही विचारलंत की ती कापली जाणारच. ती अंडी देणारी असते, आणि त्या अंड्यांवर आठवडे बाजारातलं तेल-मीठ येतं. खायचंच असेल तर येताना बाजारगावातून मटण घेऊन या आणि सगळ्यांना पुरेल एवढं आणा.

चिप्सची, बिस्किटांची पाकिटं मुलांसाठी न्यायचीच असतील, तर घरातल्या आणि शेजारच्या मुलांनाही पुरतील इतकी न्या. एक मूल खातंय आणि चार बघतायत, असं व्हायला नको. रिकामी पाकिटं, डायपर, पॅड सगळं पिशवीत बांधून परत आणा. तिथे कचऱ्याची गाडी येत नाही.

४. सामान

अंथरूण-पांघरूण स्वतःचं. ऑक्टोबरच्या शेवटी तिथे पहाटे चांगलाच गारठा असतो, नुसती चादर पुरत नाही. माणशी एक वाकळ किंवा जाड ब्लँकेट, आणि सगळ्यांना मिळून मच्छरदाणी. मच्छरदाणी विसरू नका, कारण पुढे सांगते.

शेतात घालायला जुने सुती पूर्ण बाह्यांचे शर्ट आणि लांब पँट. लोक हाफ पँट घेऊन येतात आणि पहिल्याच तासात पोटऱ्या लाल होतात, कारण भाताच्या पातीची कड खरखरीत असते आणि लोंबीवरची टोकदार कूस घामाला चिकटून खाजते. पायाला घोट्याच्या वरपर्यंत बंद बूट, खाचरात ओल असेल तर गमबूट. शिवाय माणशी एक बॅटरी, डोक्याला पंचा किंवा ओढणी, दोरी, एक कोरी बादली आणि तांब्या.

औषधांत ओआरएस, चिकटपट्टी, जखम धुवायचं औषध, तापाची गोळी आणि मुलांची नेहमीची औषधं. धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख जाण्याआधी डॉक्टरांना दाखवून घ्या. आणि जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, तिथे सर्पदंशाची लस असते का, हे मामांना विचारून कागदावर लिहून ठेवा. १०८ ची रुग्णवाहिका मोफत असते, पण घाटातल्या गावात ती पोचायला वेळ लागतो, म्हणून गावात जीप कोणाकडे आहे तेही त्याच कागदावर लिहा.

५. दुपारी चारच्या आत पोचा

मुंबईहून कसारा-घोटी करून या किंवा पुण्याहून आळेफाट्यावरून, हिशेब असा करा की उजेड असताना घर गाठलं जाईल. रात्री आठला पोचलेल्या पाहुण्यासाठी विझलेली चूल पुन्हा पेटते. एसटीने जात असाल, तर मुक्कामी गाडीच्या भरवशावर राहू नका. ती गावात अंधार पडल्यावर शिरते आणि पहाटे परत निघते.

गाडी दारात सपाट, शेणाने सारवलेली जागा दिसते तिथे लावू नका. ते खळं असतं, भात झोडायची जागा. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने तीच चूक केली आणि मामींना ती जागा पुन्हा सारवून दोन दिवस वाळवावी लागली.

६. पहिली संध्याकाळ: काम नको, फेरी मारा

मुलांना घेऊन, घरातल्या एखाद्या मोठ्या पोराला सोबत घेऊन घराभोवती फिरा. विहीर कुठे, मोटारीची वायर कुठून गेली आहे, बैल कुठे बांधतात आणि त्यांच्या मागून का जायचं नाही, सरपणाच्या ढिगात हात का घालायचा नाही, कुत्र्याचं नाव काय. मुलांना एक हद्द दाखवा: "या आंब्याच्या पुढे मोठ्या माणसाशिवाय नाही." ही फेरी अंधार पडायच्या आत व्हायला हवी.

मग पाणी. चौघांनी बादली-बादलीने आंघोळ केली की सहज पाच-सहा हंडे लागतात. ते कोणाच्यातरी डोक्यावरून येतात. पहिल्याच संध्याकाळी हंडा घ्या आणि मामींबरोबर पाण्याला जा. वाट कळते, अंतर कळतं, आणि नंतर मुलांना "पाणी सांडू नकोस" सांगावं लागत नाही. आंघोळ एकाआड एक दिवस केली तरी चालते. पिण्याचं पाणी मुलांसाठी उकळून घ्या, पण उकळायचं काम आणि सरपण आणायचं काम तुमचं.

> तपासा: झोपण्याआधी मामींना विचारा, "उद्या सकाळी मी काय करू?" हा प्रश्न सकाळी विचारायचा नाही. सकाळी त्या विचारायच्या जागी सापडत नाहीत.

७. काम: क्रम आणि हात

भाताचं काम उन्हाच्या तब्येतीने चालतं. कापून पसरलेलं भात दोन-तीन दिवस खाचरात वाळतं. ते गोळा करून पेंढ्या आणि भारे बांधायचे ते भल्या पहाटे, दवात. तेव्हा काड मऊ असतं, तुटत नाही आणि दाणे झडत नाहीत. झोडणी उलट दुपारच्या उन्हात, कारण कडक वाळलेली लोंबी एका फटक्यात मोकळी होते. "आम्ही दहाला नाश्ता करून येतो" म्हणणाऱ्यांचा भारे बांधायला काही उपयोग नसतो. पहाटे उठा, चहा घ्या, जा.

विळा हातात घ्यायचा असेल तर पहिला अर्धा तास फक्त बघा. डाव्या हातात एका मुठीत मावेल एवढंच भात धरायचं, अंगठा वर. विळा मुठीच्या खाली चार बोटं अंतर सोडून लावायचा आणि आपल्याकडे ओढायचा. हाणायचा नाही. याला दाते असतात, तो ओढला की कापतो. नवखा माणूस जास्त भात धरतो, मूठ मिटत नाही, करंगळी बाहेर राहते आणि विळा तिथेच लागतो. मामांच्या हाताकडे बघितलं तर दिसतं: त्यांची करंगळी कधीही मोकळी नसते, आणि कापलेली मूठ मागे टाकताना सगळ्या लोंब्या एकाच बाजूला पडतात. त्या तशा पडल्या नाहीत, तर पेंढी बांधणाऱ्याचं काम दुप्पट होतं. म्हणून हळू कापा, पण नीट टाका. विळ्याचे दाते साधारणपणे उजव्या हाताच्या हिशेबाने असतात. डावखुऱ्यांनी भारे वाहायला लागावं.

चौदाच्या आतल्या मुलाच्या हातात विळा देऊ नका, त्याने कितीही हट्ट केला आणि तिथली मुलं सराईतपणे वापरत असली तरी. मुलांना सरवा वेचायला लावा. कापलेल्या खाचरात पडलेल्या लोंब्या गोळा करणं हे खरं काम आहे, त्यातून पायली-दोन पायली दाणे निघतात आणि मुलांना ते मोजता येतं. लहानग्यांना कोंबड्या खळ्यावरून हाकलायचं काम द्या.

मळणी यंत्र आलं असेल तर मुलं वीस पावलं लांब. ओढणी काढून ठेवायची, केस बांधायचे, आणि आपण पेंढी यंत्रात घालायला पुढे व्हायचं नाही. पेंढ्या आणून द्या, पेंढा रचायला मदत करा, एवढं पुष्कळ आहे.

खळ्यावर चप्पल घालून चढू नका. राशीवरून उडी मारून जाऊ नका. माप चालू असताना मोठ्याने आकडे बोलू नका. अजून बऱ्याच घरांत पहिल्या मापाला "एक" न म्हणता "लाभ" म्हणतात, आणि मध्येच कोणी बोललं की मोजणी चुकते. बियाण्यासाठी वेगळ्या काढून बांधलेल्या लोंब्या फोटोसाठीसुद्धा उचलू नका. पाळीच्या दिवसांत खळ्यावर यायचं की नाही, याची प्रत्येक घराची रीत निराळी असते. मामींना आधी बाजूला घेऊन विचारलं की दोघींचाही संकोच टळतो.

शेतात हात चालत नसतील तर भांडी घासा, लसूण सोला, धाकट्या बाळाला सांभाळा. खरं सांगायचं तर मामींना याचीच सगळ्यात जास्त मदत होते. आणि हे घरच्या पुरुषानेही करावं. एकदा माझ्या नवऱ्याने सावडीच्या दिवशी पंधरा माणसांची ताटं घासली. आधी सगळे हसले, मग त्याच्याशी बोलायला लागले.

८. साप, दव आणि रात्र

दोन-तीन दिवस पडून राहिलेल्या भाताखाली उंदीर येतात, उंदरांमागे साप. भारा उचलण्याआधी काठीने हलवा आणि मगच हात घाला. अंधारात बॅटरीशिवाय अंगणातसुद्धा पाऊल टाकू नका.

मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश इतका बारीक असतो की कधी कधी दुखतही नाही. मच्छरदाणी अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचून झोपलात तर हा धोका पुष्कळ कमी होतो. पहाटे कोणाच्या पोटात दुखत असेल, पापण्या जड झाल्या असतील, गिळायला त्रास होत असेल, तर पित्त म्हणून वाट बघू नका.

> सर्पदंश झाला तर: चावलेला हात-पाय हलू न देता फळीला बांधा, अंगठी-बांगड्या काढा, माणसाला चालवू नका, थेट सरकारी रुग्णालय गाठा. आवळपट्टी बांधू नका, चिरा देऊ नका, चोखू नका, साप पकडायला जाऊ नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका.

पायाला कापलेलं असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका, त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होऊ शकतो. या भागात बिबट्याही आहे. संध्याकाळनंतर मुलं एकटी बाहेर नकोत, आणि काही दिसलं तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

९. निघताना

पाकिटातून नोटा काढून मामांच्या हातात कोंबू नका. ते घेणार नाहीत, आणि तुमच्यासमोर नाही म्हणताना त्यांना जड जाईल. घरातल्या मुलांच्या हातावर खाऊचे पैसे ठेवायची आपली रीत आहे, ती पाळा. त्याहून उपयोगी म्हणजे त्या चार दिवसांत घरात काय कमी आहे ते बघून ठेवणं: फाटलेली ताडपत्री, मोडकं सूप, मुलांच्या वह्या. पुढच्या खेपेला ते घेऊन जा.

तांदूळ विकत घ्यायचा असेल तर आधी विचारा की विकायला आहे का. असेल तर ते सांगतील तो भाव द्या. चार दिवस त्यांच्या घरी जेवून पाच रुपयांसाठी घासाघीस करू नका. आणि लगेच नेऊ नका. भात नीट वाळून, भरडून झाल्यावर जानेवारीत मागवा, तो चांगला शिजतो.

अंथरुणाची जागा झाडून, हंडे भरून ठेवून निघा. माणसांचे, विशेषतः बायकांचे फोटो विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका. विचारून काढलेल्यांच्या प्रती कागदावर छापून पाठवा.

घरी आल्यावर शेतातले कपडे गरम पाण्यात धुवा. पुढच्या तीन आठवड्यांत कोणाला ताप आला, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की आम्ही भातशेतीत होतो. अंगावर, काखेत, जांघेत कुठे काळसर खपली दिसते का ते स्वतः बघा. गवतातल्या बारीक किड्यांपासून होणाऱ्या स्क्रब टायफसची ती खूण असते, आणि वेळेत कळलं तर साध्या गोळ्यांनी तो बरा होतो. ताप उतरला की मामींना फोन करा, कारण तुमच्याकडून कळेपर्यंत त्यांनाही घोर लागलेला असतो.